तिसऱ्या पर्यायावरचा खोकला

माझ्याकडे सतरा प्रमाणपत्रं आहेत. सगळी लॅमिनेशन केलेली, आठ फाइलमध्ये क्रमाने लावलेली, आणि उरलेली नऊ भिंतीवर, फ्रेममध्ये. या सतरांबद्दल मी कुणालाही, कधीही, कुणी न विचारता सांगत आलोय. आज सांगायचंय ते अठरावं. त्याचा कागद नाही. ते माझ्या बायकोला माहीत नाही, केंद्रातल्या कुणाला माहीत नाही, आणि ज्या माणसाला सगळ्यात आधी माहीत असायला हवं होतं, त्याला तर — पण थांबा. जरा वळसा घालून येतो. तसाही मी आयुष्यात कुठे सरळ रस्त्याने पोचलोय?

मी मूळचा नातेपुत्याचा. मेकॅनिकलला नंबर लागला नाही म्हणून सोलापुरात टेक्स्टाइलच्या डिप्लोमाला आलो. आमच्या घराण्याचा कापडाशी संबंध एवढाच, की आम्ही ते घालायचो. तीन वर्षं शिकलो. शिकलो म्हणजे — गाइड पाठ केलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक यंत्रमाग होता, तो मी तीन वर्षांत चालू अवस्थेत पाहिला नाही. धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर चादर टाकलेली असायची. ती चादरही बाजारातून विकत आणलेली.

डिप्लोमा झाला, नोकरी काही लागली नाही. आणि आपल्याकडे नोकरी न लागलेल्या माणसाला सगळे एकच औषध देतात — एखादा कोर्स कर. मी केला. मग दुसरा केला. टायपिंग केलं, अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर शिकलो, स्पोकन इंग्लिश केलं, त्यातलं स्पोकन सोडून बाकीचं आलं. आग विझवण्याचं प्रशिक्षण घेतलं. प्रात्यक्षिकाच्या वेळी मी सिलिंडर उलटा धरून शिक्षकालाच पांढरा केला, तरी प्रमाणपत्र मिळालं. एक तर घरबसल्या ऑनलाइन होतं — व्हिडिओ चालू करून मी आंघोळीला जायचो, डोकं पुसत येऊन 'पुढे' दाबायचो. विषय होता 'कामातील एकाग्रता'. वडील फोनवर वैतागायचे, "आरं किती कागद गोळा करतूस? लगीन बी कागदाशीच लावायचं हाय का तुझं?"

आणि गंमत अशी, की आज मीच कौशल्य प्रशिक्षण केंद्रात बसून पोरांना सांगतो कुठला कोर्स करावा. अकलूजहून येतात, वेळापूरहून येतात, शहरातली येतात. कुणाला पहिली नोकरी हवी असते, कुणाला दहा वर्षं एकाच जागी घासून वरची. खुर्चीच्या कडेवर बसतात आणि विचारतात, "सर, कशाला स्कोप हाय?" मी सांगतो. ठासून सांगतो. मला काय माहीत कशाला स्कोप आहे? मला माझा नव्हता माहीत. पण माझ्या मागे भिंतीवर नऊ फ्रेमा आहेत, आणि पोरं माझ्याकडे बघत नाहीत, फ्रेमांकडे बघतात.

ही जी खुर्ची — जिच्यावर बसून मी हे सगळं सांगतो — फिरती, हात टेकवायला दांड्या असलेली — या खुर्चीचीच ही गोष्ट आहे. आणि एका खोकल्याची.

आठेक वर्षांपूर्वी एक योजना आली होती. कल्पना चांगली होती, माझ्या हातात येईपर्यंत तरी. ज्यांना काम येतंच, पण ज्यांच्याकडे कागद नाही, त्यांना तीन दिवस वर्गात बसवायचं, चौथ्या दिवशी परीक्षा घ्यायची, आणि प्रमाणपत्र द्यायचं. सोबत टोपी आणि टी-शर्ट. म्हणजे पोहणाऱ्याला पाण्यातून बाहेर काढून, पोहता येतं का असं विचारायचं, आणि हो म्हणाला की टोपी द्यायची. मी तेव्हा याच केंद्रात बॅचपुरता कामावर होतो. या कामगारांना शिकवणारे तयार करण्यासाठी पुण्यात एका हॉटेलात पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं. जेवण उत्तम होतं. तिथून मी 'प्रशिक्षकांचा प्रशिक्षक' होऊन आलो. प्रमाणपत्र क्रमांक चौदा.

नियमाप्रमाणे शिकवणारा एक आणि तपासणारा दुसरा असतो. आमच्याकडे दोन्ही कामं मीच करायचो. कागदावर मात्र दोन नावं होती. त्या दुसऱ्या नावाच्या माणसाला मी आजवर भेटलेलो नाही.

पहिली बॅच अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतली, टॉवेलच्या कारखान्यातले तीस यंत्रमाग कामगार. बहुतेक तेलुगू घरातले, बापजाद्यांपासून विणकर. आणि त्यांच्यात राजय्या काका.

काकांचं वय तेव्हा अठ्ठावन्न. अंगाने वाळलेले, कानात पांढरे केस, तीस वर्षं मागासमोर उभं राहून दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूला कललेले. त्या तीसजणांतल्या निम्म्यांना धागा सांधायला त्यांनीच शिकवलेलं. पहिल्याच दिवशी चहाच्या सुट्टीत माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "सर, तुमच्या केंद्रात माग शिकवायला माणूस घेणार हाय म्हणं. वयाची अट न्हाय म्हणं. फकस्त हे सर्टिफिकेट पायजे."

मी म्हटलं, हो, निदेशकाची जागा आहे.

"तितं खुर्ची हाय का?"

मला प्रश्नच कळला नाही. मग म्हणाले, "मागाला खुर्ची नसती ना, सर. डॉक्टर म्हणालाय, गुडघे संपले, आता उभं राहायचं न्हाय. घरी बसून हात गप्प राहायचे न्हाईत माझे. शिकवायला बसून बी जमंल की."

एवढंच हवं होतं त्यांना. एक खुर्ची. हे माझ्या नीट लक्षात होतं, बरं का. पुढे जे केलं ते मी विसरून केलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी कारखान्याच्या शेडमध्ये प्रात्यक्षिक होतं. प्रशिक्षकाने आधी स्वतः करून दाखवायचं, त्याचा व्हिडिओ वर पाठवायचा. काय सांगू तुम्हाला? मी ताण्यातला, म्हणजे उभ्या धाग्यांतला, एक तुटलेला धागा उचलला आणि हॉटेलात स्लाइडवर बघितलेली गाठ मारली. ती गाठ नव्हती, तो गुंता होता. माग चालू केला. गाठ अडकली, शेजारचे चार धागे तुटले, धोटा — तो इकडून तिकडे पळणारा लाकडी तुकडा, आडवा धागा नेणारा — चवताळून बाहेर उडाला आणि भिंतीवरची ट्यूबलाइट फोडून खाली आला. व्हिडिओ चालूच.

मग राजय्या काका पुढे झाले. "सर, जरा बाजूला व्हा. मुकं जनावर हाय ते, का छळायलाव त्याला?"

आणि त्यांनी तुटलेले धागे सांधले. एका हाताने, एकामागून एक, चुटकी वाजवावी तसे. बघत होते माझ्याकडे. धाग्यांकडे नाही — माझ्याकडे, आणि अगदी मायेने, हे मला आज कळतं. मग माग चालू केला, तो आज्ञाधारकासारखा चालला, आणि काका मान वाकडी करून म्हणाले, "आता सांगा, मी तुमचा पेपर तपासू, का तुमी माझा?"

शेड फुटेल असं हसले सगळे. मीही हसलो. दाढा दिसेपर्यंत हसलो. मला हसायला चांगलं येतं; स्वतःवरचे विनोद तर मी पोटापाण्याचा धंदा असल्यासारखे करत आलोय. मग हाच एक का गिळता आला नाही? आजवर हजार वेळा स्वतःची फजिती रंगवून सांगितली असेल, ही ट्यूबलाइटची गोष्टसुद्धा मी लग्नाकार्यात सांगतो, लोक पोट धरून हसतात. मी नेहमी ट्यूबलाइट फुटते तिथे थांबतो. काकांचं वाक्य आजवर कधी सांगितलं नाही.

आता परीक्षेची पद्धत सांगतो. प्रश्न टॅबलेटवर यायचे, मराठीत, प्रत्येकी चार पर्याय. या कामगारांपैकी बरेच तेलुगू शाळेत शिकलेले, कुणी शाळेतच न गेलेले. त्यांना वाचून दाखवायची परवानगी होती. मी प्रश्न वाचायचा, पर्याय वाचायचे, ते सांगतील त्यावर मी बोट टेकवायचं. आणि या पद्धतीच्या आत आमची एक पद्धत होती. पुण्याच्या हॉटेलात जेवताना एका मुरलेल्या प्रशिक्षकाने हळूच सांगितली होती — बॅच नापास झाली तर केंद्राला पुढची बॅच मिळत नाही, तेव्हा पर्याय वाचताना घसा सांभाळायचा. म्हणजे बरोबर पर्याय आला, की खोकायचं.

सगळीकडे चालायचं हे. दुसऱ्या प्रश्नापर्यंत समोरच्याला उमजायचं. त्या दिवशी मी एकोणतीस माणसांसाठी खोकलो. घसा बसला, मध्ये गरम पाणी मागवलं, एक जण म्हणाला, "सर, आमच्यासाठी लई सोसलाव." प्रामाणिकपणाच्या नावाने तुम्ही मला इथेच शिव्या घालाल, तर घाला, पण ही माझी कबुली नाही. ही नुसती पायरी आहे.

तिसावे राजय्या काका.

त्यांना खरं तर खोकल्याची गरजच पडायला नको होती, त्यांना काम येत होतं. पण प्रश्न विचित्र असायचे. 'धागा तुटल्यास' आणि 'तेल गळत असल्यास' आणि 'सहकारी अनुपस्थित असल्यास' — बहुतेकांचं पुस्तकातलं उत्तर एकच: पर्यवेक्षकाला कळवाल. तीन दिवस मी तेच घोकून घेतलं होतं. काकांनी पहिल्या दोन प्रश्नांना हाताने जे करतात तेच सांगितलं, मी खोकलो, त्यांनी लगेच उत्तर बदललं. मागाच्या खडखडाटात आयुष्य काढलेला माणूस कानांपेक्षा डोळ्यांनी जास्त ऐकतो. ते माझ्या तोंडाकडे टक लावून बसले होते. त्यांचं ठरलं होतं — आपल्याला काम येतं, पण उत्तर सरांना येतं.

लेखी परीक्षा वेगळी पास व्हावी लागायची. हाताचे गुण पैकीच्या पैकी असून उपयोग नव्हता. हे मला माहीत होतं.

चौथ्या प्रश्नाला मी चुकीच्या पर्यायावर खोकलो.

लिहिलं एकदाचं. काय वाटलं तेव्हा? खोटं कशाला सांगू — मजा वाटली. वर्गात मागच्या बाकावरून कुणाला तरी खडू मारावा तसली. त्यांनी विश्वासाने तोच पर्याय सांगितला, मी गंभीर चेहऱ्याने बोट टेकवलं. मनात म्हटलं, एकच. एका गुणाने काय होतंय. मग सातवा प्रश्न आला.

'धोटा मध्येच अडकल्यास सर्वप्रथम काय कराल?' पहिला पर्याय, माग बंद कराल. दुसरा, हाताने ओढाल. तिसरा, पर्यवेक्षकाला कळवाल. चौथा, यापैकी नाही.

मी तिसऱ्यावर खोकलो.

काका थांबले. त्यांचा हात नकळत उजवीकडे गेला, जिथे मागाचं बटण असतं. टेबलावरच्या रिकाम्या हवेत. म्हणाले, "सर, नक्की? आधी बंद न्हाय करायचा?"

इथे मला सुटता आलं असतं. बघा ना, माणसाने दारच उघडून दिलं होतं. मी परत वाचतो म्हणू शकत होतो. मी पर्याय परत वाचले. आणि परत तिसऱ्यावर खोकलो.

"बरं," काका म्हणाले. "नियम बदलला असंल."

तीस वर्षांचा हात त्यांनी माझ्या एका खोकल्यापुढे मागे घेतला. त्यानंतर मी आणखी दोनदा तसा खोकलो. तेव्हा मजा वाटत नव्हती, पण थांबलो नाही. दोन गुणांनी ते नापास झाले.

यादी कारखान्याच्या फाटकावर लागली. एकोणतीस पात्र, एक अपात्र. ज्यांना त्यांनी सांधायला शिकवलं ते सगळे टोप्या घालून उभे, आणि हे बाजूला, डोक्याला काही नाही. माझ्याकडे आले. कुणाला दोष द्यायला नाही आले. शिकायला आले. "सर, माझं काय चुकलं तेवढं सांगा."

मी म्हणालो, "काका, तुमची थिअरी कच्ची आहे."

होय. असं म्हणालो. वर हेही म्हणालो, की पुढच्या बॅचला बसा. पुढची बॅच आलीच नाही. योजना जशी आली तशी गेली, जाताना टोप्यांची दोन खोकी केंद्रात ठेवून. आणि निदेशकाच्या जागेला प्रमाणपत्रवाला विणकर मिळेना. त्या एकोणतिसांपैकी कुणी चालता माग सोडून यायला तयार नव्हतं; खुर्ची हवी होती ती एकालाच. शेवटी केंद्राच्या साहेबांनी मला विचारलं, तुमच्याकडे कागद आहेत ना, तुम्हीच का बसत नाही?

मी बसलो. ही खुर्ची मिळावी म्हणून मी खोकलो नव्हतो. तसं असतं तर निदान काही मतलब तरी होता म्हणता आलं असतं. मी एका विनोदासाठी खोकलो होतो, खुर्ची वरकड मिळाली.

आता पुढचा भाग ऐका, यावर मला स्वतःलाच डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. माग शिकवायची जागा मला मिळाली, आणि मला गाठ मारता येत नव्हती! पहिल्या आठवड्यात पोरं मागाभोवती उभी, मी स्लाइडा दाखवतोय. मग मी काय केलं असेल? राजय्या काकांना निरोप धाडला. कारखान्याच्या सुट्टीला, सोमवारी, येऊन पोरांना जरा हात दाखवाल का. ते आले. दर सोमवारी यायला लागले, दोन वर्षं. त्या कललेल्या गुडघ्यांवर मागासमोर उभं राहून शिकवायचे, आणि मी खुर्चीत बसून त्या पोरांच्या प्रमाणपत्रांवर सह्या करायचो. चहा मात्र मी आठवणीने मागवायचो. केवढा मोठा माणूस मी!

आणि एक दिवस दारातून ऐकलं. काका पोरांना सांगत होते, "धोटा अडकला तर पयलं काय? माग बंद. ध्यानात ठेवा, न्हाईतर बोटं जातील. पण परीक्षेत इचारलं, तर पर्यवेक्षकाला कळवा म्हणून सांगायचं. का इचारू नका. नियम हाय. सरांनी मला सोता सांगितलंय."

मी दारातच उभा. आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं — काका, ते उत्तर चूक आहे. पण ते बोललो असतो तर काकांनी माझ्या तोंडाकडे बघितलं असतं. आणि तो माणूस तोंड बघून ऐकतो.

मी बोललो नाही. योजना गेली तरी केंद्राच्या नेहमीच्या माग-कोर्सला परीक्षेत तेच प्रश्न येतात, आणि तेव्हापासून आमच्या प्रत्येक बॅचचा तो प्रश्न चुकतो. काका यायचे थांबले तरी चुकतो, कारण आधीची पोरं नंतरच्यांना सांगतात, आणि पोरांचा माझ्यापेक्षा काकांवर विश्वास जास्त. एकदा वरून विचारणा झाली — सोलापूर केंद्रातील सर्व प्रशिक्षणार्थींचा हाच प्रश्न का चुकतो? मी उत्तर पाठवलं, 'स्थानिक कार्यपद्धतीतील फरकामुळे.' ते मान्यही झालं. एका गुणाने कुणी नापास होत नाही, असं मी स्वतःला समजावतो. कुणी झालं का, हे मी यादीत कधी बघितलेलं नाही.

काकांना कळलं असेल का? कधीकधी वाटतं, असेल. पण तो माझ्या सोयीचा विचार आहे. कळलं असतं तर त्या कललेल्या गुडघ्यांवर दोन वर्षं कोण आलं असतं?

गेल्या महिन्यात ते बऱ्याच दिवसांनी केंद्रात आले. नातवासाठी कोर्सची चौकशी करायला. काठी होती हातात. दारापासून माझ्या टेबलापर्यंत यायला इतका वेळ लागला, की मी उठलो. खुर्ची त्यांच्याकडे फिरवली. म्हटलं, बसा काका.

त्यांनी खुर्चीच्या दांडीवरून हात फिरवला, टॉवेलचा पोत बघावा तसा. मग हसले. "न्हाय ओ सर. ती पास झालेल्याची हाय."

थट्टेनेच म्हणाले. भोवतालची पोरं हसली. मीही हसलो. काका कोपऱ्यातल्या खोक्यावर टेकले — टोप्यांचं खोकं होतं ते — आणि नातवाला म्हणाले, सरांना इचार, सरांना सगळं म्हाईत हाय.

सातव्या प्रश्नाचं बरोबर उत्तर पहिला पर्याय होतं. माग बंद करणे. ते काकांना येत होतं. मी तिसऱ्यावर खोकलो, दोनदा. माझा घसा साफ होता.